गॅरी न्यूमनचा 'सॅक्रिफाइस' (१९९४) : याच्याबद्दल कुणीच का बोलत नाही?

लोखंडी_सूर

नमस्कार मंडळी. इंडस्ट्रियल रॉकचा विषय निघाला की आपल्याकडे नाइन इंच नेल्स, मिनिस्ट्री, मॅन्सन, रामस्टाइन एवढी चार नावं होतात आणि चर्चा संपते. गॅरी न्यूमन या ब्रिटिश गायकाचं नाव निघालंच तर 'कार्स' या गाण्याचा म्हणून, आणि समोरचा जरा जास्त ऐकणारा असला तर म्हणतो की हो हो, नंतर तोही इंडस्ट्रियल झाला ना, २००० चा 'प्युअर' अल्बम मस्त आहे. त्याच्या 'सॅक्रिफाइस' या अल्बमचं नाव कुणाच्या तोंडी नाही. माझं म्हणणं असं की न्यूमनचा सांधा बदलला तो इथे, ऑक्टोबर १९९४ मध्ये, 'प्युअर' हे त्याच रुळावरचं पुढचं स्टेशन.

थोडी पार्श्वभूमी, माहीत असेल त्यांनी खाली सरकावं. हा माणूस १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये अचानक वर आला. आधी ट्यूबवे आर्मी या नावाने 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' चार आठवडे एक नंबरला, मग काही महिन्यांत स्वतःच्या नावाने 'कार्स' एक नंबरला, आणि 'रेप्लिकाज', 'द प्लेझर प्रिन्सिपल', 'टेलेकॉन' हे तीन अल्बम पाठोपाठ एक नंबर. १९८१ च्या एप्रिलमध्ये वेम्ब्लीला निरोपाचे शो करून म्हणाला आता दौरे बंद. वय २३. अर्थात फार दिवस गप्प बसवलं नाही, पण परत आला तोवर पब्लिक पुढे गेलं होतं. मग ऐंशीचं अख्खं दशक घसरण. १९८४ ला स्वतःचं न्यूमा नावाचं लेबल काढलं, ते चाललं नाही म्हणून आयआरएस या दुसऱ्या लेबलकडे गेला, तिथेही जमलं नाही, परत न्यूमा. गाण्यांत सॅक्सोफोन आले, मागे गाणाऱ्या बायका आल्या, फंक आलं, आणि शेवटी १९९२ चा 'मशीन अँड सोल', ज्यात प्रिन्सचं 'यू गॉट द लुक' सुद्धा गाऊन टाकलंय. जनवाशाला आलेल्या मामाने भाच्याचा जॅकेट घालून नाचावं तसा तो अल्बम आहे. न्यूमन स्वतःच त्याला आपला सगळ्यात वाईट अल्बम म्हणतो त्यामुळे मला शिव्या घालू नका.

तर १९९२-९३ ची परिस्थिती अशी : डोक्यावर कर्ज, मोठी कंपनी दारात उभी करत नाही, रेडिओ वाजवत नाही. या अवस्थेत दोन गोष्टी झाल्या. एक, जेमा ओ'नील त्याच्या आयुष्यात आली, ती लहानपणापासूनची त्याची फॅन, पुढे १९९७ मध्ये लग्न झालं, आणि तिने त्याला सरळ सांगितलं की तू हे जे करतोयस ते तुझं नाही. दोन, डेपेश मोड या बँडचा 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन' (१९९३) कानावर पडला. त्याने मुलाखतींतून हे पुन्हापुन्हा सांगितलंय की तो ऐकल्यावर आपण हिट गाणं लिहायच्या नादात काय करून बसलो ते कळलं. मग हिटचा नाद सोडून घरच्या स्टुडिओत बसून, बहुतेक सगळं स्वतःच वाजवत त्याने 'सॅक्रिफाइस' केला. मदतीला एकदोन जण, बाकी हा एकटा.

निकाल? ब्रिटिश चार्टवर ९४. सन १९९४, नंबर ९४ :))

पण ऐका तरी. 'प्रे'ने सुरुवात होते, हळू, जवळजवळ कुजबुजत, खाली सिंथचा (सिंथेसायझरचा) जाड थर. मग 'डेडलायनर' येतं आणि कळतं की हा वेगळाच माणूस बोलतोय, गिटार घासत येते, ड्रम मशीन घाईत नाही, आणि आवाज, जो ऐंशीत उगाच गुळगुळीत करून ठेवला होता, तो परत नाकातला, थंड, थोडा भेदरलेला. 'अ क्वेश्चन ऑफ फेथ' तर पुढे कित्येक वर्षं तो लाइव्ह वाजवत राहिला. शेवटचं 'द सीड ऑफ अ लाय' रात्री दिवे बंद करून ऐकायचं.

कुणी ऐकलाय का? की मी एकटाच?

रातकिडा

ऐकलाय, आणि असहमत. म्हणजे अल्बम वाईट नाही, पण तुम्ही त्याला जे श्रेय देताय ते जरा जास्तच होतंय. नाइन इंच नेल्सच्या अल्बमच्या तारखा बघा. 'प्रिटी हेट मशीन' १९८९, 'ब्रोकन' १९९२, 'द डाउनवर्ड स्पायरल' मार्च १९९४. मिनिस्ट्री तर कधीचे रेडिओवर येऊन गेले होते. ऑक्टोबर १९९४ ला कुणी काळे कपडे घालून देव, रक्त आणि पाप यावर हळू आवाजात गायला लागला तर त्यात धाडस कसलं, ती तर त्या वर्षाची फॅशन होती. दोन वर्षांपूर्वी प्रिन्स व्हायला निघालेला माणूस आता नाइन इंच नेल्सचा रेझनर व्हायला निघाला, एवढंच.

आणि 'प्युअर' कितीतरी पटीने चांगला आहे. तिथे खरा बँड आहे, खऱ्या गिटारी आहेत, मिक्स अंगावर येतं. 'सॅक्रिफाइस' ऐकताना मला कायम वाटतं की हा डेमो आहे आणि खरा अल्बम कुणीतरी नंतर करणार आहे.

मीनल_ठाणे

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही :( पण धागा वाचून 'डेडलायनर' लावलं. हेडफोनवर. काहीतरी भीतीदायक आहे पण बंद करावंसं वाटलं नाही. एक बावळट प्रश्न, इंडस्ट्रियल म्हणजे नक्की काय? यात कारखान्यासारखं मला काही ऐकू आलं नाही, खडखडाट वगैरे.

सिंथवाले_आजोबा

मीनलताई, प्रश्न बावळट अजिबात नाही. नाव पडलं ते थ्रॉबिंग ग्रिसल या इंग्लिश टोळीमुळे, १९७६ मध्ये त्यांनी इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाचं लेबल काढलं. त्यांचं आणि जर्मनीत आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेनचं खरंच लोखंड, पत्रे, ड्रिल मशीन असं चालायचं. मग ऐंशीच्या दशकात शिकागोच्या वॅक्स ट्रॅक्स या दुकान कम लेबलभोवती मिनिस्ट्री वगैरे मंडळी जमली आणि त्या आवाजात ड्रम मशीन, सॅम्पलर आणि हेवी मेटलची गिटार मिसळली. इंडस्ट्रियल रॉक म्हणतात ते हे. न्यूमन या दोन्ही वर्तुळांच्या बाहेरचा. तो आला पंकमधून, आणि सिंथला लागला तो योगायोगाने. १९७८ मध्ये ट्यूबवे आर्मीचं पंक रेकॉर्डिंग करायला स्टुडिओत गेला तर तिथे कुणाचा तरी मिनीमूग सिंथ पडून होता, त्याने एक की दाबली आणि खोली हादरली. त्या एका आवाजावर 'रेप्लिकाज' उभा आहे. आणि 'द प्लेझर प्रिन्सिपल'मध्ये तर गिटारच नाही, एकसुद्धा नाही, ते ऐका आधी.

आता मूळ विषय. मी न्यूमनचा जुना ऐकणारा, १९८० पासूनचा. माझं मत विचाराल तर दुर्लक्षित अल्बम म्हणायचा मान 'डान्स'चा (१९८१). त्यात जपान बँडचा मिक कार्न फ्रेटलेस बेस वाजवतो, क्वीनचा रॉजर टेलर पण आहे, दहा दहा मिनिटांची संथ गाणी, आणि नाव मात्र 'डान्स', म्हणजे कुणी नाचायला म्हणून घेतला असेल त्याची काय गत झाली असेल. 'सॅक्रिफाइस' मला पटतो पण त्यातले ड्रम मला सहन होत नाहीत. पुठ्ठा बडवल्यासारखे.

लोखंडी_सूर

@रातकिडा, तारखा बरोबर आहेत पण निष्कर्ष घाईचा आहे. कोण कुणाकडून घेतंय ते बघा ना. रेझनरने न्यूमनचं ऋण उघड उघड मानलंय, नाइन इंच नेल्सने त्याचं 'मेटल' कव्हर केलं (२००० चा 'थिंग्ज फॉलिंग अपार्ट'), २००९ मध्ये लंडनच्या ओटू सभागृहात त्याला स्टेजवर बोलावून त्याचीच गाणी वाजवली. मॅन्सनने 'डाउन इन द पार्क' केलं, फू फायटर्सनी पण तेच गाणं केलं, फिअर फॅक्टरीने १९९९ मध्ये 'कार्स' केलं आणि त्यात गायला न्यूमनलाच घेतलं. म्हणजे ज्या घरातून ही पोरं निघाली त्या घराचा मालकच परत घरी आला तर त्याला तुम्ही भाडेकरूची नक्कल करतो म्हणताय.

दुसरं, फॅशनचा मुद्दा. फॅशनच्या मागे जाणारा माणूस कुणाला तरी विकायला जातो. याच्याकडे विकायला कोण होतं? स्वतःचं लेबल, स्वतःची घरची खोली, हजेरीला ठरलेले जुने फॅन. त्याने म्हटलंय की त्या काळात करिअर संपलंय असं धरूनच तो लिहीत होता, जवळपास छंद म्हणून. आणि रेझनर व्हायचं असतं तर आरडाओरडा केला असता. 'सॅक्रिफाइस'मध्ये ओरडणं जवळजवळ नाहीच. राग आहे पण तो दाराआडून बोलणाऱ्याचा राग आहे.

फुकटसल्ला

ड्रमबद्दल आजोबांशी शंभर टक्के सहमत आणि तरीही धागाकर्त्याच्या बाजूने आहे, कसं ते सांगतो.

मी घरी रेकॉर्डिंग करतो (फावल्या वेळात, पोट त्यावर नाही). हा अल्बम ऐकला की लगेच कळतं की एकट्याने बसून, खोलीबाहेर आवाज जाऊ नये अशा बेताने केलाय. ड्रम सगळे मशीनचे आणि सॅम्पलचे, खोलीची हवा त्यात नाही, स्नेअर ड्रमचा ठोका बारीक आणि मागे रेंगाळणारा आवाज लांब. गिटारला माइक लावलाय की तार सरळ मिक्सरमध्ये घातली आहे अशी शंका यावी इतकी सपाट. बेस बराचसा सिंथचा. आजच्या मिक्सिंगच्या हिशोबाने दहापैकी पाच.

पण गंमत अशी की या सगळ्यामुळे आवाज पुढे येतो. मोठ्या स्टुडिओत केला असता तर कुणीतरी निर्मात्याने बसून ड्रम जाड केले असते, गिटारी चार थर लावल्या असत्या, आणि न्यूमनच्या त्या बारीक आवाजाला त्यात जागाच उरली नसती. 'प्युअर'मध्ये थोडं तेच होतं, रातकिडासाहेब चिडतील, पण काही गाण्यांत कोरस आला की गिटारीची भिंत येते आणि आत माणूस कुठे आहे ते शोधावं लागतं. 'सॅक्रिफाइस'मध्ये माणूस सतत कानाजवळ. सपाट गिटार मागे राहते, त्यामुळे सिंथचा थर आणि आवाज यांच्यात मोकळी जागा राहते, आणि भीती त्या मोकळ्या जागेतच वाटते.

अवांतर : 'मशीन अँड सोल'मध्ये त्याच्याबरोबर किपर नावाचा एक जण होता. तोच किपर पुढे स्टिंगकडे गेला आणि १९९९ चा 'ब्रँड न्यू डे' त्याने स्टिंगबरोबर प्रोड्यूस केला. म्हणजे 'डेझर्ट रोझ' आपल्या सगळ्यांच्या कानात ज्याने भरलं तो.

पायलटकाका

संगीतातलं मला फार कळत नाही, मुलगा ऐकायचा म्हणून नावं माहीत. पण या गॅरी न्यूमनचा आपल्या देशाशी एक संबंध आहे तो कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. हा पठ्ठ्या पायलट. १९८१ मध्ये, ते निरोपाचे शो झाल्यावर, बॉब थॉम्पसन नावाच्या जोडीदाराबरोबर छोट्या विमानाने जगप्रदक्षिणेला निघाला. पहिल्या प्रयत्नात सेस्ना २१० होतं, एक इंजिनवालं, आणि भारतावर असताना इंजिनने दगा दिला. उतरले विशाखापट्टणमला. आता विचार करा, विझाग म्हणजे आपल्या नौदलाची पूर्व कमान, तिथे दोन गोरे एका खासगी विमानातून न सांगता टपकले. हेरगिरी आणि तस्करीच्या संशयावरून सरळ अटक. तो ब्रिटनमध्ये एक नंबरचा गायक आहे हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगून काय उपयोग होणार होता. नंतर सोडलं, आणि दुसऱ्या प्रयत्नात पायपर नवाहो घेऊन त्यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली.

पुढे त्याने दुसऱ्या महायुद्धातलं हार्वर्ड ट्रेनर घेतलं, त्याला जपानी विमानासारखं रंगवलं आणि एअर शोमध्ये कसरती करायचा. हार्वर्ड म्हणजे खेळणं नाही हो, शेपटीखाली चाक असलेलं, वजनदार, उतरताना जरा दुर्लक्ष झालं की गरकन फिरतं. आपल्या हवाई दलातही जुन्या काळी शिकाऊ पायलट त्याच्यावरच शिकले. म्हणजे हातात कौशल्य असलेला माणूस आहे. गाण्याचं तुम्ही बघा.

मीनल_ठाणे

काका, भारीच!! हा किस्सा वाचून घरी सगळ्यांना सांगितला.

न्यूजर्सीकर

मस्त धागा. इकडे अमेरिकेतली बाजू सांगतो. इथे न्यूमन म्हणजे 'कार्स' आणि संपलं. १९८० मध्ये नवव्या नंबरपर्यंत गेलं, त्यानंतर इथल्या लोकांसाठी तो माणूस जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. 'सॅक्रिफाइस' इथे त्या नावाने आलाच नाही. क्लिओपात्रा या लेबलने तो 'डॉन' अशा वेगळ्याच नावाने काढला. त्यामुळे जुन्या सीडीच्या दुकानात दोन वेगळे अल्बम समजून दोन्ही घेतलेले लोक मला भेटलेत. असं करून कुणाचं भलं झालं देव जाणे. एका अल्बमची आधीच कुणी दखल घेत नाही, त्यात त्याला दोन नावं.

रातकिडा यांच्याशी एका बाबतीत सहमत. इथल्या पोरांना न्यूमन कळला तो नाइन इंच नेल्समुळेच. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांच्या त्या वेळच्या शेवटच्या शोजमध्ये तो स्टेजवर आला तेव्हा निम्म्या गर्दीला आजूबाजूला विचारावं लागलं की हा कोण. पुढे तो स्वतःच कुटुंबासकट लॉस एंजेलिसला राहायला गेला. २०१३ च्या 'स्प्लिंटर'पासून परत वर आला, आणि २०१७ चा 'सॅव्हेज' व २०२१ चा 'इंट्रूडर' दोन्ही ब्रिटनमध्ये दोन नंबरला. ९४ वरून २. मधे तेवीस वर्षं. पण 'स्प्लिंटर' ऐकून आलेला एकही जण मागे जाऊन 'सॅक्रिफाइस' ऐकत नाही, फार तर २००६ च्या 'जॅग्ड'पर्यंत जातो आणि तिथून उडी मारून थेट १९७९.

रातकिडा

@लोखंडी_सूर घरमालकाचं उदाहरण झकास आहे पण त्याने गाणी चांगली होत नाहीत :) प्रभाव कुणाचा कुणावर हा इतिहास झाला. मी अल्बमबद्दल बोलतोय. दहा गाण्यांत 'लव्ह अँड नेपाम' आणि 'डिझायर' ही दोन मला जुन्या सवयीची उरलेली वाटतात, ड्रम मशीनचा तोच ठेका, तीच पोज. 'यू वॉक इन माय सोल' प्रेमगीत आहे, ठीक आहे, जेमासाठी असेल, पण या अल्बमात ते काय करतंय?

आणि धर्माचा विषय. 'प्रे', 'अ क्वेश्चन ऑफ फेथ', अल्बमचं नावच 'सॅक्रिफाइस'. डेपेश मोडचा अल्बम ऐकला आणि शब्दकोशही तिथूनच उचलला की काय?

लोखंडी_सूर

'लव्ह अँड नेपाम'चं नाव जे. जी. बॅलर्ड या लेखकाकडून आलंय, त्याच्या 'द अ‍ॅट्रॉसिटी एक्झिबिशन'ची अमेरिकन आवृत्ती त्या नावाने निघाली होती, आणि बॅलर्ड, फिलिप के. डिक हे विज्ञानकथावाले लेखक न्यूमनची पहिल्यापासूनची मंडळी. म्हणजे सवय जुनी हे खरंच, पण 'मशीन अँड सोल'ची नाही, १९७९ ची. ते मला चालतं. 'डिझायर'वर वाद घालत नाही, ते मीही पुढे ढकलतो.

धर्माबद्दल मात्र वाद घालणार. डेपेश मोडचा गायक डेव्हिड गहान जेव्हा देवाबद्दल गातो तेव्हा गॉस्पेल आहे, मागे कोरस, घाम, उद्धाराची इच्छा. तो चर्चच्या आत आहे. न्यूमन पक्का नास्तिक, आणि 'सॅक्रिफाइस'मध्ये तो पहिल्यांदाच त्या नास्तिकपणाला विषय करतो. त्याआधी त्याच्या गाण्यांत यंत्रमानव, पार्कमधले राक्षस, गाडीत दार लावून सुरक्षित बसलेला एकटा माणूस. आता त्याला भीती कशाची वाटते, तर लोक ज्याच्यापुढे हात जोडतात तो खरंच असला आणि चांगला नसला तर काय, याची. इथून पुढे तीस वर्षं तो हेच लिहितोय. १९९७ च्या 'एक्झाइल'मध्ये तर अख्खा अल्बम देव आणि सैतान एकच असतील तर या कल्पनेवर आहे. 'प्युअर'मध्ये त्याच्या आणि जेमाच्या न जन्मलेल्या बाळाचं दुःख आलं, 'अ प्रेयर फॉर द अनबॉर्न' ऐका, आणि तिथे हा राग एकदम खासगी झाला. पण रागाची भाषा तयार होती म्हणून तो ते लिहू शकला. ती भाषा 'सॅक्रिफाइस'मध्ये झाली. माझा मूळ मुद्दा हाच आहे, 'प्युअर' जास्त चांगला वाजतो हे मी कधीच नाकारलं नव्हतं.

मीनल_ठाणे

मी आता पूर्ण अल्बम ऐकला, दोन बैठकीत. देवाशी भांडण हे आपल्याला काही नवीन नाही ना, जनाबाई, नामदेव, तुकाराम सगळ्यांनी विठोबाला चार शब्द सुनावलेत. पण ते ऐकताना कधी भीती वाटत नाही. इथे वाटली. असं का?

सिंथवाले_आजोबा

कारण तिथे समोर विठोबा आहे, विटेवर, आणि तो ऐकतोय याची खात्री आहे. भांडणसुद्धा घरातलं. न्यूमनच्या समोर कुणी नाही, आणि असलाच तर ओळखीचा नाही. शिवाय तो रागावताना आवाज चढवत नाही, उलट खाली आणतो. त्याने स्वतःच्या अ‍ॅस्परगरबद्दल मोकळेपणाने सांगितलंय (हा ऑटिझमचाच एक प्रकार), भावना तोंडावर आणणं त्याला जमत नाही वगैरे, १९७९ मध्ये लोकांनी त्यालाच रोबोची अ‍ॅक्टिंग समजून डोक्यावर घेतलं आणि समीक्षकांनी त्याच कारणासाठी झोडपलं. ऐंशीत तो नॉर्मल दिसायचा प्रयत्न करत राहिला, सूट, टोपी, बो टाय. तो प्रयत्न सोडला तेव्हा बरा झाला. हे मला पटलेलं आहे, ड्रम सोडून.

फुकटसल्ला

आजोबा, ड्रमवर उपाय आहे. त्याच दौऱ्याचा लाइव्ह अल्बम 'डार्क लाइट' (१९९५) ऐका. त्यात ही गाणी खऱ्या बँडबरोबर आहेत, आणि जुन्या गाण्यांच्या शेजारी ठेवली की फरक कळतो. मला गंमत याची वाटते की जुनी गाणी नव्या गाण्यांमुळे बदललीत. ऐंशीत तो 'डाउन इन द पार्क' गायचा तेव्हा ते जुनं हिट म्हणून यायचं. इथे ते 'प्रे'च्या बाजूचं गाणं वाटतं.

नवखा_श्रोता

वाचनखूण साठवली आहे. मी 'व्हेअर इज युअर हेड अ‍ॅट' एमटीव्हीवर माकडांचा व्हिडिओ म्हणून बघायचो कॉलेजात, त्यातला मुख्य तुकडा याच माणसाच्या 'एम.ई.'चा आहे हे आत्ता शोधताना कळलं!! आणि शुगाबेब्जचं 'फ्रीक लाइक मी' पण याच्याच 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक'वर. म्हणजे आपण सगळे त्याला ऐकतच होतो, नाव न कळता. कुठून सुरू करू? सगळं ऐकायला वेळ नाही, दोन गाणी सांगा.

लोखंडी_सूर

'डेडलायनर' आणि 'अ क्वेश्चन ऑफ फेथ', याच क्रमाने. ती आवडली तर 'प्रे'पासून शेवटपर्यंत. नाही आवडली तर आजोबांचं ऐकून 'द प्लेझर प्रिन्सिपल'कडे जा, त्यात काही चुकणार नाही.

न्यूजर्सीकर

आणि दुकानात 'डॉन' दिसला तर दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

रातकिडा

काल रात्री गाडी चालवताना परत ऐकला, मुद्दाम, तुमच्याशी भांडायला मुद्दे मिळावेत म्हणून. 'डिझायर' पुढे ढकललं. 'मॅजिक' मला आधी लक्षातच आलं नव्हतं, ते चांगलं आहे, ते तुम्ही कुणीच लिहिलं नाहीत. 'ब्लीड'पण. 'यू वॉक इन माय सोल' अजूनही नको. 'प्युअर' वरच आहे माझ्या यादीत, तिथून हलणार नाही. पण 'डेमो वाटतो' हे मागे घेतो, डेमोत इतकी शांतता ठेवायची कुणाची हिंमत होत नाही.

सिंथवाले_आजोबा

'डार्क लाइट' ऐकला. ड्रम ठीक आहेत. आता कुणीतरी 'डान्स' ऐका आणि इथे येऊन सांगा, एकतर्फी किती वेळ चालवायचं.